चिप बदलली म्हणाला, नुसती भाजून दिली

साडेआठ हजार गेले, त्याचं आता फारसं काही वाटत नाही. डोकं फिरतं ते यामुळे, की लॅपटॉपच्या ज्या चिपचे पैसे मी मोजले ती बोर्डवरून कधी उचललीच नव्हती.

लॅपटॉप जुना, स्क्रीनवरचं चित्र तयार करणारी वेगळी ग्राफिक्स चिप (जीपीयू) असलेला. लग्नपत्रिकेचं काम चालू असताना स्क्रीनवर रंगीत रेघा आल्या आणि सगळं काळं झालं. पंखा फिरतोय, दिवा लागतोय, चित्र मात्र नाही. दुकानदार म्हणाला, "काका, जीपीयू गेलाय. नवी चिप टाकतो, तीन महिन्यांची वॉरंटी." तिसऱ्या दिवशी लॅपटॉप चालू होऊन हातात. मी खूश. पाच आठवड्यांनी पुन्हा त्याच रेघा. आता तो म्हणे, "ही वेगळी भानगड आहे, बोर्डच गेला." पावती काढून पाहिली तर तिच्यावर फक्त 'सर्व्हिस चार्ज'. चिपचं नावच नाही. तक्रार करायची तर कशाच्या जोरावर?

भाच्याच्या ओळखीच्या एका मुलाकडे गेलो. त्याने हीटसिंक, म्हणजे चिप थंड ठेवणारा धातूचा भाग, काढला, त्याखालची पेस्ट पुसली आणि विचारलं, "आधीचा एखादा फोटो आहे का?" नशिबाने होता. वर्षभरापूर्वी पेस्ट मीच बदलली होती आणि कुठला स्क्रू कुठला ते कळावं म्हणून फोटो काढून ठेवला होता. चिपवर चार आकडे छापलेले असतात, पहिले दोन वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे. फोटोत जे आकडे तेच समोर. एवढंच नाही, तेव्हा माझा स्क्रूड्रायव्हर घसरून चिपच्या हिरव्या कडेवर उमटलेला ओरखडाही जिथल्या तिथे. कडेला करपलेला तपकिरी फ्लक्स (जोड नीट बसावा म्हणून लावतात तो चिकट पदार्थ), बाजूच्या कनेक्टरचं प्लास्टिक जरा वाकलेलं. म्हणजे वरून गरम हवा मारली आणि दिलं.

खरी चिप बदलायची तर बोर्ड आधी खालून तापवतात, मग वरून. चिप बोर्डला जोडणारा मिश्रधातू म्हणजे सोल्डर; शिसं नसलेलं सोल्डर साधारण 217 अंशांना वितळतं, तेव्हा कुठे चिप अलगद उचलता येते. मग जुनं सोल्डर तांब्याच्या जाळीने टिपून सगळे पॅड (चिप जिथे जोडली जाते ते धातूचे ठिपके) सपाट करायचे आणि नवीन चिप फ्लक्सवर बसवायची. सोल्डर वितळल्यावर चिमट्याने जराशी ढकलली तर चिप डुलते आणि आपली आपण जागेवर येते. मला हे त्याने सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं. काय सुरेख दिसतं ते!

नुसतं भाजून चालू कसा झाला, हेही त्यानेच सांगितलं. अशा चिपांत बिघाड बऱ्याचदा खालच्या सोल्डरच्या गोळ्यांत नसतो, तो चिपच्या आतल्या बारीक जोडांत असतो. उष्णतेने ते जोड तात्पुरते धरतात. कधी चार दिवस, कधी दोन महिने. म्हणजे दुकानातून बाहेर पडताना गिऱ्हाइकाचा चेहरा हसरा असणारच.

त्याने चिप बदलली आणि जुनी, नखाएवढा काळा तुकडा मध्ये असलेली, न मागता प्लॅस्टिकच्या पुडीत घालून दिली.

पुडी आणि आधीचा व आताचा असे दोन्ही फोटो घेऊन मी पहिल्या दुकानात गेलो. त्याने मोबाईल हातात घेतला, फोटो मोठे करून बघितले आणि शांतपणे म्हणाला, "काका, फोटोत सगळ्या चिपा सारख्याच दिसतात." आणि पोऱ्याला माझ्यासाठी चहा सांगितला.