एअर रायफलचे पेलेट की पॉइंट टू-टूचा लॉट?

रायफल नेमबाजीत एअर रायफलला, म्हणजे हवेच्या दाबावर चालणाऱ्या रायफलला, १० मीटरवर दहा गुणांचा ठिपका जेमतेम अर्धा मिलिमीटर; पॉइंट टू-टूला, म्हणजे ०.२२ इंची काडतुसाच्या रायफलला, ५० मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटर. दोन्हीकडे दारूगोळा पारखावाच लागतो, पण रीत वेगळी.

पेलेट, म्हणजे एअर रायफलची छोटी गोळी, स्वस्त, त्यामुळे प्रयोगाला हात आखडत नाही. डोक्याचं माप ४.४९, ४.५० मिलिमीटर असं बदलत दहा-दहा फैरी झाडायच्या आणि भोकांचा पुंजका बघायचा. डबी उघडली की एकेक पेलेट उजेडात फिरवून पाहा. मागचा पातळ घेर जरा चेपला असेल तर तो बाजूला.

पॉइंट टू-टूला स्फोटक मसाला काडतुसाच्या कडेतच असतो, म्हणून ते घरी भरता येत नाही. कारखान्यातून आलेल्या लॉटवरच, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, एका क्रमांकाच्या काडतुसांवरच, भिस्त. रायफल शिकंज्यात आवळून एकेक लॉट तपासायचा, जुळला की परवान्यात बसेल तेवढा त्याच क्रमांकाचा साठा उचलायचा. तोच ब्रँड, पण पुढचा लॉट तुमच्या नळीला मानवेलच असं नाही.

कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ मध्ये पॅरिसला कांस्य जिंकलं ते याच ५० मीटरच्या प्रकारात. तरी नवख्यानं सुरुवात पेलेटपासूनच करावी, असं माझं ठाम मत.