घाटवाटांसाठी ऑफलाइन नकाशाचं ॲप: पावसाळा, हिवाळा वापरून झाल्यावर

साताऱ्यातून निघून एक घाट उतरायचा, कोकणात थोडं दक्षिणेला सरकायचं, दुसऱ्या घाटाने परत वर यायचं, आणि असं धावदोऱ्यासारखं सह्याद्री ओलांडत आंबोलीपर्यंत जायचं, हा बेत आमच्या घरात बरेच दिवस शिजत होता. त्यासाठीच हे ॲप फोनवर घेतलं. पावसाळ्याच्या तोंडावर घेतलं होतं, आता उन्हाळा लागलाय, म्हणजे मत द्यायला हरकत नाही. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाही. ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारी अशी दोन-चार ॲपं आहेत आणि सगळ्यांचं मूळ एकच: २००४ मध्ये सुरू झालेला, जगभरच्या हौशी लोकांनी भरत आणलेला नकाशा. त्यामुळे गुणदोषही साधारण सारखेच.

आधी निकाल सांगते. बेत आखायला उत्तम, गाडी चालवताना ठीक, आणि अमुक घाट आज चालू आहे का हे विचारायला शून्य.

उत्तम का, तर चढ-उताराच्या आलेखामुळे. रस्ता निवडला की खाली उंचीची रेघ दिसते. सातारा, उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, हेळवाक असा रस्ता टाकून बघा. तिथपर्यंत रेघ फार काही करत नाही, जरा खाली, जरा वर. मग कुंभार्ली घाट येतो आणि रेघ एकदम खाली कोसळते, ती चिपळूणला जवळजवळ समुद्रसपाटीला टेकते. शाळेच्या भूगोलात वाचलेलं असतं की सह्याद्री पूर्वेला हळूहळू उतरतो आणि पश्चिमेला कडा तुटल्यासारखा. पण ते रेघेत दिसलं की बेत बदलतो. घाट नेमका कुठे सुरू होतो, किती किलोमीटर चालतो, त्याच्या आधी चहाला थांबायचं की नंतर, ज्याला गाडी लागते त्याला पुढे कधी बसवायचं, सगळं घरबसल्या ठरतं. आमची धाकटी पसरणी घाटात हमखास उलटी करते, त्यामुळे हा मुद्दा आमच्याकडे किरकोळ नाही.

आम्ही आखलेला मार्ग असा: कुंभार्लीने खाली, चिपळूणहून संगमेश्वर, देवरुख, साखरपा करत आंबा घाटाने वर. मलकापुरातून अणुस्कुरा घाटाने परत खाली पाचल, ओणी. खारेपाटणहून भुईबावडा घाट चढून गगनबावडा, मग कोल्हापुरात मुक्काम. तिथून राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, कणकवली, सावंतवाडी, आणि शेवटी आंबोली चढून आजरा, गडहिंग्लज, निपाणीवरून घरी. एवढी वळणं नेहमीच्या नकाशावर टाकली की तो सारखा 'याच्यापेक्षा जवळचा रस्ता आहे' म्हणून महामार्गाकडे ओढतो. इथे मधले थांबे आपण ठरवायचे, बोटाने पुढेमागे सरकवायचे, आणि आखलेला मार्ग जीपीएक्स फाइल (मार्ग आणि खुणा साठवणारी फाइल) करून दुसऱ्या फोनवर पाठवायचा. आमच्या अहोंच्या आणि माझ्या फोनवर तोच मार्ग, त्याच खुणा. मी चालवते, ते बघतात.

रंगीत खुणांचा एक उपयोग मला वापरता वापरताच सापडला. हे सगळे घाट साधारण पूर्व-पश्चिम आहेत. सकाळी कोकणात उतरलं तर सूर्य पाठीशी राहतो. दुपारनंतर वर चढलं तरी पाठीशीच, आणि कड्यांवर ऊन पडलेलं असतं. उलट केलं तर उतारावर, नेमक्या वळणावर, मावळतीचं ऊन थेट डोळ्यांत. म्हणून उतरायच्या घाटांना निळी खूण, चढायच्या घाटांना तांबडी, आणि निळं सगळं सकाळच्या खात्यात. पाऊस-धुक्याच्या दिवसांत हा हिशेब लागू नाही. तेव्हा एकच नियम, चारनंतर घाटात शिरायचं नाही.

आता वेळेचं. ॲप जो वेळ दाखवतं त्यावर बेत बांधू नका. ते मुख्यतः रस्त्याचा दर्जा बघून वेग धरतं. कुंभार्ली काय, आंबा काय, दोन्ही राष्ट्रीय महामार्गावर, म्हणून त्याला वाटतं गाडी सुसाट जाणार. मी घाटाचा तुकडा वेगळा काढते आणि तिथे ताशी पंचवीस धरते. शिवाय ऊस. गळीत हंगामात कराडपासून कोल्हापूरपर्यंत आणि आतल्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रांगेने असतात, मागे दिवा नसतो, ओव्हरटेक करायला जागा नसते. माझे सासरे एस.टी.त ड्रायव्हर होते. त्यांना आलेख दाखवला तर म्हणाले, "सूनबाई, चढ दावतंय ते ब्येस हाय. पर म्होरं उसाची ट्रॉली आडवी हाय का, ते कुठं दिसतंय यात?" कुठेच दिसत नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, ज्या गिअरवर चढलो असतो त्याच गिअरवर उतरायचं, हेही मामांनीच घोकून घेतलं. ते ॲपच्या कुठल्या सेटिंगमध्ये सापडायचं नाही.

उणं म्हणून सगळ्यात ठळक सांगायचं ते हे की बंद रस्त्यांची खबर नसते. फाइल उतरवली त्या दिवशी नकाशा जसा होता तसा फोनमध्ये राहतो. जुलै २०२१ ची अतिवृष्टी आपल्याकडे कोणी विसरलेलं नाही. महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला, आंबेनळी घाटाचा रस्ता ठिकठिकाणी खचला, चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी फोनमधली आंबेनळीची रेघ आहे तशी पिवळी दिसत राहते. करूळ घाट २०२४ मध्ये कामासाठी कितीतरी महिने बंद होता. वरंधा घाट पावसाळ्यात बंद ठेवायचे आदेश तर नेहमीचेच. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी जिल्हा प्रशासनाच्या सूचना, स्थानिक बातम्या, आणि घाटाखालच्या गावातल्या एखाद्या हॉटेलवाल्याला फोन. त्या फोनइतकी पक्की माहिती दुसरीकडे मिळत नाही.

दुसरं, 'जवळचा रस्ता' हा पर्याय आपल्या भागात वापरूच नका. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. आत उठलेल्या गावांच्या जुन्या वाटा नकाशावर अजून आहेत. ॲपला त्या रस्ताच वाटतात. प्रत्यक्षात पुढे वनखात्याचं फाटक. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाचंही तसंच. तापोळ्याकडे मार्ग टाकला की पाण्यावर तुटक रेघ येते. ती खोटी नाही, तराफ्यावर गाडी जाते. पण तराफा कधी सुटतो, वारा असला तर सुटतो का, पुढे किती गाड्या उभ्या आहेत, हे काठावर गेल्यावरच कळतं. सेटिंगमध्ये जाऊन फेरी टाळा हा पर्याय चालू ठेवलेला बरा, आणि तराफ्याची हौस असेल तर तेवढ्यासाठी वेगळी सवड काढून जा.

पेट्रोल पंप, पंक्चरवाले, खाणावळी यांच्या बाबतीत नकाशा जितका लोकांनी भरला तितकाच. शहरांत बरा, अणुस्कुऱ्याच्या बाजूला विरळ. घाट उतरायच्या आधी मलकापुरात टाकी भरून घ्यावी. चांगली गोष्ट अशी की दुरुस्ती आपल्याला करता येते. एका घाटाच्या पायथ्याशी टायरला खिळा लागला तेव्हा झाडाखाली हवेची टाकी घेऊन बसलेला एक मुलगा देवासारखा भेटला. रबराची वात सळईने टायरमध्ये खुपसून, वर थुंकी लावून बुडबुडा येतो का बघून, पाच मिनिटांत मोकळं केलं. तिथेच उभं राहून त्याचं दुकान नकाशावर टाकलं. काही दिवसांनी नवी फाइल उतरवली तर त्यात ते दिसत होतं. हा आनंद मला अनपेक्षित होता आणि तेव्हापासून आमच्या अहोंना नादच लागलाय. दिसेल ते हातपंप, मंदिर, एस.टी. थांबा टाकत सुटतात.

फोनचं काय होतं? जीपीएसला रेंज लागत नाही, उपग्रहांवर चालतं, त्यामुळे घाटाच्या पोटात टॉवर गेला तरी निळा ठिपका आपल्या जागी असतो. पण स्क्रीन सतत चालू म्हणजे बॅटरी झपाट्याने उतरते, आणि काचेखालच्या उन्हात फोन तापून बंद पडतो. होल्डर काचेला न लावता एसीच्या झडपेला लावा. मार्गदर्शक बाईचा आवाज मराठी गावांची नावं काहीच्या काही उच्चारते. पोरं हसून बेजार होतात. मी आवाज बंदच ठेवते आणि मैलाचे दगड वाचते: पिवळं डोकं राष्ट्रीय महामार्ग, हिरवं राज्य महामार्ग.

पैसे भरून मिळणारी आवृत्ती घ्यायची गरज मला पडली नाही. काही ॲपांत समोच्च रेषा आणि रोजच्या रोज अपडेट त्यात येतात. ट्रेकला जाणाऱ्यांनी विचार करावा, गाडीने फिरणाऱ्यांचं मोफतवर भागतं. महाराष्ट्राची फाइल मोठी असते, घरच्या वायफायवर उतरवा आणि जमलं तर कर्नाटकचीही सोबत घ्या. निपाणी कर्नाटकात येतं, आणि फाइल नसेल तर नेमकं तिथेच घराकडचा मार्ग पांढऱ्या पाटीवर येऊन थांबतो.