रोडकिंग की बुलेट? पहिली जुनी मोटारसायकल घेण्याआधी

भाचा गणपतीत घरी आला तो मोबाइलमध्ये दोन फोटो घेऊनच. पहिला वाईजवळच्या एका गावातला: पडवीत भिंतीला टेकलेली १९८६ ची येझदी रोडकिंग, सीटवर कांद्याचं पोतं, टाकीवर कोंबड्यांची कृपा. दुसरा कोल्हापुरातला: १९८८ ची स्टँडर्ड बुलेट, चालू, चकाचक लालभडक. "मामा, यातली कुठली घेऊ?" येझदीवाले ५५ हजार मागत होते, बुलेटवाला १ लाख १० हजार. त्याला उत्तर ऐकायचं होतं "बुलेट" असं, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं. मी म्हटलं, आधी दोन्ही बघून येऊ.

या दोघी मूळच्या परदेशातल्या, माहेरची ये-जा थांबल्यावरही इथे नांदलेल्या. चेक बनावटीची जावा म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ पासून तयार होऊ लागली, १९७३ पासून तिचं नाव येझदी झालं, आणि १९९६ ला कारखान्याला कुलूप लागलं. बुलेटची गोष्ट उलटी. लष्कराच्या मागणीमुळे ती भारतात आली, १९५५ ला मद्रासला कारखाना उभा राहिला, इंग्लंडमधली मूळ कंपनी बंद पडली तरी मद्रासचं इंजिन धडधडतच राहिलं. या फरकाचा परिणाम आज तुमच्या खिशावर होतो. एकीच्या सुट्या भागांच्या मागे कंपनी नाही, दुसरीच्या मागे अख्खा बाजार आहे.

आता इंजिन. रोडकिंग २५० सीसी टू-स्ट्रोक. व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत, कॅम नाही. तेल पेट्रोलमध्येच मिसळायचं (ऑइल किंग हे पंपवालं मॉडेल सोडलं तर), लिटरला ३० ते ४० मिली. हेड, सिलिंडर, पिस्टन, क्रँक, की झालं. रविवारी सकाळी चहा घेऊन बसलात तर जेवायच्या वेळेपर्यंत सिलिंडर हातात येतो. मी स्वतः पहिलं इंजिन उघडलं ते येझदीचंच, कॉटखाली वर्तमानपत्र पसरून. आईने नंतर दोन महिने त्या खोलीत पाऊल टाकलं नाही.

पण सोपं म्हणजे माफ करणारं, असं नाही. माझी ती येझदी रिबोअर करून (झिजलेला सिलिंडर आतून कापून, मोठा पिस्टन बसवून) आणली आणि चौथ्या दिवशी महाबळेश्वरला नेली. येताना पसरणी घाटात मस्तपैकी अॅक्सिलरेटर मिटून, गिअरवर गाडी सोडली होती. टू-स्ट्रोकमध्ये अॅक्सिलरेटर मिटला की पेट्रोलबरोबर जाणारं तेलही आटतं, आणि इकडे इंजिन तर जोरात फिरतंय. अर्ध्या घाटात मागचं चाक "कीऽऽच" करून थांबलं. सीझ, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम. क्लच दाबला गेला म्हणून हाडं शाबूत राहिली. चूक सगळी माझीच. नवा बोअर, आणि त्यात घाट उतरताना अधूनमधून अॅक्सिलरेटर द्यायचा असतो हे माहीत नव्हतं.

तर वाईची गाडी. किक मारायला गेलो तर किक जागची हलेना. भाच्याचा चेहरा पडला, पण वीस वर्षं पडवीत उभ्या गाडीचा पिस्टन चिकटणं हे ताप येण्याइतकं साधं दुखणं आहे. प्लग काढून त्या भोकातून थोडं डिझेल सोडलं, मालकांना म्हटलं आठवड्याने येतो. (किक मारून, हातोडी घालून पिस्टन सोडवणारे महाभाग असतात. त्यांना आपली गाडी दाखवू नये.) आठवड्याने किक हाताने खाली गेली. मग खरी तपासणी. पिस्टन आणि क्रँक जोडणारा कनेक्टिंग रॉड वरखाली हलवून त्याला खेळ आहे का, सिलिंडरच्या फिन्स तुटल्यात का, पिस्टन कुठल्या साइजचा आहे. मागे तीन-चारदा रिबोअर झालेला सिलिंडर असेल तर पुढे आतून नवी स्लीव्ह (लोखंडी नळी) ठोकावी लागते. ही गाडी एकदाच रिबोअर झाली होती. मालकांच्या वडिलांनी वहीत तारीख लिहून ठेवली होती.

रोडकिंगचं महागडं दुखणं क्रँकमध्ये आणि त्याच्या ऑइल सीलमध्ये असतं. क्लचकडचं सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल क्रँककेसमध्ये ओढलं जातं. गाडी गल्लीत डास मारायचं यंत्र फिरल्यासारखा पांढरा धूर सोडते आणि गिअर ऑइल गुपचूप कमी होत जातं. मालक म्हणतो, "टू-स्ट्रोक आहे, धूर येणारच." येणारच, पण इंजिन तापल्यावर इतका नाही. सील बदलायचं तर इंजिन पूर्ण उघडावं लागतं. क्रँक हा प्रेसमध्ये दाबून जोडलेला असतो, तो उघडून पुन्हा सरळ बसवणं हे घरचं काम नव्हे. ते करणारा मिस्त्री तुमच्या गावात किंवा तासाभराच्या अंतरावर आहे का, याची चौकशी गाडी बघायला जाण्याआधी करा. कोल्हापूरकरांना शिवाजी उद्यमनगर आहे, त्यांना ही चिंता कमी.

बुलेट दुसऱ्या टोकाची. ३४६ सीसी, फोर-स्ट्रोक, ओतीव लोखंडी सिलिंडर, गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा. भाग जास्त, पण सगळे ढोबळ आणि दणकट. टॅपेट बसवणं, पॉइंटचं अंतर धरणं, क्लच प्लेट बदलणं, हे एकदा बघितलं की जमतं. तेल गळतं म्हणून घाबरू नका. गळायचं थांबलं तर आधी ऑइल आहे का ते बघा, हा गॅरेजमधला जुना विनोद आहे आणि अर्धा खराही आहे. तिचं खरं दुखणं म्हणजे क्रँकमधला बिग एन्डचा फ्लोटिंग बुश, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथली धातूची कडी. ऑइल वेळेवर न बदललेल्या गाडीत तो झिजतो, आणि चढावर लोड आला की आतून "टक्‌टक्‌" येतं. अनेक मिस्त्री त्या जागी रोलर बेअरिंग बसवतात. गाडी विकत घेताना ते काम झालंय का, कोणी केलं, हे विचारावं.

कोल्हापूरची लाल बुलेट पहिल्या किकला चालू झाली. मला तिथेच शंका आली, कारण आम्ही पोचलो तेव्हा सायलेन्सर आधीच गरम होता. जुनी गाडी थंड असताना चालू करून बघायची असते. विकणाऱ्याला हे ठाऊक असतं, घेणाऱ्याला नसतं. दुसरी गोष्ट: आरसी बुकात रंग काळा. जुन्या स्टँडर्ड बुलेट बहुतेक काळ्या, टाकीवर हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा. नवा रंग म्हणजे पाप नव्हे, पण रंगाखाली काय आहे ते बघायला हवं. खिशातलं लोहचुंबक मागच्या मडगार्डवर फिरवलं तर दोन ठिकाणी चिकटेचना. पत्रा गंजून गेला होता, वर नुसती लांबी (पुट्टी) भरलेली. चढावर नेली तेव्हा टकटकही ऐकू आली, बारीक, पण होती.

तरी खरं सांगायचं तर या दोन गोष्टींनी बुलेट बाद होत नाही. मडगार्ड पुण्याच्या नाना पेठेत उभ्या-उभ्या मिळतं. बुश किंवा बेअरिंगही मिळतं. बुलेटला अमुक पार्ट मिळत नाही असं सहसा होत नाही, फार तर चांगला कुठला आणि भंगार कुठला हे ओळखावं लागतं. येझदीच्या बाबतीत क्लच प्लेट, पिस्टन, केबल हे नवीन मिळतं, त्यातलं बरंच सुमार दर्जाचं. मूळ हेडलाइटची रिंग, स्पीडोमीटर, बॉक्सची झाकणं, मूळ सायलेन्सर या गोष्टींसाठी जुन्या बाजारात रविवार घालवायची तयारी हवी. म्हणून येझदी घेताना इंजिन बंद असलं तरी चालेल, पण गाडी पुरी हवी. एक साइड पॅनेल नसणं हे चिकटलेल्या पिस्टनपेक्षा मोठं संकट असतं. वाईच्या गाडीचं सगळं जागेवर होतं, अगदी टूलकिटसकट.

चालवण्यात दोघींचं वळण वेगळं. येझदीची किक हाच गिअरचा दांडा: आत दाबून मागे फिरवली की किक, सोडली की गिअर. पहिल्यांदा बघणाऱ्याला ही जादूच वाटते. शिवाय गिअर टाकतानाच क्लच आपोआप सुटतो, त्यामुळे हात न लावताही गिअर बदलता येतो. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या पायात, आणि पहिला गिअर वर. आजच्या गाडीवर शिकलेला माणूस घाईच्या क्षणी ब्रेक समजून गिअर दाबतो. पहिला महिना बाजारात नेऊ नका. आणि किक हे बुलेटचं शास्त्र आहे: अॅम्मीटरचा काटा बघत हळूहळू पिस्टन वर आणायचा, डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका दाबून थोडा पुढे सरकवायचा, मग शांतपणे पूर्ण पाय. घाई केलीत तर उलटी किक घोट्याला जन्माची आठवण देते. १६० किलोंच्या वरची ही गाडी पार्किंगमध्ये मागे ढकलण्याचीही एकदा तालीम करून बघावी, विशेषतः पन्नाशी ओलांडलेल्यांनी. लांब पल्ल्याला मात्र बुलेटच. सातारा ते गोवा येझदीवर मी केलंय. मजा येते, पण संध्याकाळी कानात सायलेन्सर वाजत राहतो.

पेट्रोलचं दोघींना सारखंच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुने रबरी पाइप, सील फुगवतं. महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. ते पाइप-सील नव्याने टाका, फार खर्च नाही.

आणि आता जिथे लोक सर्वात कमी वेळ घालवतात ते: कागद. १९८९ च्या आधीच्या महाराष्ट्रातल्या गाड्यांना एमने सुरू होणाऱ्या तीन अक्षरांचे नंबर आहेत. अशा गाडीची नोंद आरटीओच्या संगणकात चढलीच नसेल, तर आधी ती बॅकलॉग एन्ट्री करावी लागते, आणि त्यासाठी मूळ आरसी बुक हवं. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, त्यासाठी फॉर्म २५, गाडी प्रत्यक्ष दाखवणं, पर्यावरण कर. मुदत कधीच उलटली असेल तर उशिराचा दंडही. चेसिस नंबर कागद ठेवून पेन्सिलने घासून घ्या आणि बुकाशी अक्षर न अक्षर ताडा. मूळ मालक वारले असतील तर आधी वारसांच्या नावे हस्तांतर, फॉर्म ३१, आणि मग विक्री, फॉर्म २९ आणि ३०. "कागद नंतर करून देतो" म्हणणाऱ्याला "पैसेही नंतरच" म्हणावं.

भाच्याने कुठेतरी वाचलं होतं की व्हिंटेज गाड्यांना वेगळी नंबरप्लेट मिळते. मिळते. २०२१ च्या नियमानुसार व्हीए मालिकेची पाटी, नव्या नोंदणीला २० हजार रुपये शुल्क, मुदत १० वर्षं. पण त्यासाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी हवी आणि तिच्यात मोठे फेरफार नकोत. शिवाय मग ती रोज कामाला नेता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यालाच. म्हणजे १९८६ ची रोडकिंग २०३६ पर्यंत या दारात उभी राहू शकत नाही. आणि पोराला ती शनिवारी कट्ट्यावर न्यायचीय, त्यामुळे साधी नोंदणीच बरी.

मधेच त्याने यामाहाच्या आरएक्स १०० चा विषय काढला. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, १९८५ ते १९९६ इतकीच वर्षं बनली, आणि अंगाने इतकी हलकी की आजही सिग्नलला भल्याभल्यांना लाजवते. गाडी उत्तम, बाजार वाईट. क्रेझमुळे किमती डोक्यात गेल्यात, आणि जितकी क्रेझ तितके ठोकून बदललेले इंजिन नंबर. पहिल्या गाडीसाठी नको, इतकंच.

एक प्रश्न त्याने विचारला नाही, पण उत्तर मी दिलं: नवा रंग द्यायचा का? वाईच्या गाडीचा मूळ रंग साठ टक्के शिल्लक आहे. टाकीवर घासून घासून जिथे मालकाचे गुडघे लागायचे तिथे पत्रा दिसतो. सगळं सोलून नवा रंग, नवं निकेल केलं की गाडी शोरूममधली दिसेल, आणि वाईची राहणार नाही. मी असतो तर इंजिन, ब्रेक, वायरिंग, टायर नवे केले असते आणि रंगाला फक्त धुऊन पॉलिश मारलं असतं. रंग कधीही देता येतो. मूळ रंग एकदाच असतो.

तर माझा कौल. ज्याला दर रविवारी चालवायची आहे, हात काळे करायचे नाहीत आणि पावसात कुठे अडकायचं नाही, त्याने बुलेट घ्यावी, पण काळी, थंड असताना चालू करून दाखवणाऱ्याकडची. ज्याला स्वतः उघडायचं आहे, चुकायचं आहे, आणि वर्षभर गाडी अर्धवट उघडी बघवते, त्याने रोडकिंग घ्यावी. भाच्याकडे दार लावता येणारं गॅरेज आहे, शेजारी टू-स्ट्रोकचा क्रँक बसवणारा म्हातारा मिस्त्री आहे, आणि नोकरी घरून. मी येझदीच म्हटलं. तो दोन दिवस गप्प होता, मग म्हणाला, "मामा, टूलकिटसकट आहे ना ती?"

५ हजार विसार दिलाय. गाडी अजून वाईतच, पोतं तेवढं हलवलंय. फॉर्म ३१ च्या कागदांवर तीन भावंडांपैकी दोघांच्या सह्या झाल्या, नाशिकच्या ताई दिवाळीला येणार आहेत.