ओबर्नडॉर्फची तीन, झेला-मेलिसचं एक

गेल्या जुलैत माझ्या पी७ या जर्मन पिस्तुलाला गंज चढला. फार नाही, स्लाइडच्या, म्हणजे वरच्या मागे-पुढे सरकणाऱ्या भागाच्या, उजव्या अंगाला तिळाएवढे दोन नारिंगी ठिपके. पण ते दिसले आणि मला जेवण गेलं नाही. ह्यूस्टनचा उन्हाळा म्हणजे कोकणातला मे, वर आखाताची वाफ. तीन आठवडे ते पिस्तूल शर्टाखाली, घामाला चिकटून होतं, आणि मी मूर्खासारखा ‘जर्मन पोलाद आहे, काय होतंय’ म्हणत होतो. जपायचं कुठलं आणि बाळगायचं कुठलं हे मला त्या दिवशी कळलं. बारा वर्षांत हाताखालून गेलेल्या लहान जर्मन पिस्तुलांबद्दल म्हणूनच हे लिहितोय.

आधी थोडं माझ्याबद्दल. गाव कराडजवळ, घरचा ऊस. थोरल्या चुलत्यांकडे, आबांकडे, बत्तीस बोअरचं रिव्हॉल्वर होतं. वर्षभर कपाटात धोतरांखाली आणि निवडणूक लागली की पोलीस ठाण्यात जमा. त्याचा बार मी कधीच ऐकला नाही. उसाच्या गावातून निघून शुगरलँड नावाच्या उपनगरात येऊन पडलो हा नशिबाचा विनोद. इथंही सुरुवातीला हात बांधलेलेच होते. एच-वन व्हिसावर असलेल्याला शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्यानं बंदूक ठेवता येत नाही. ग्रीन कार्ड येईपर्यंत नुसती चित्रं पाहिली. आल्यावर महिन्याभरात क्युरिओ अँड रेलिकचा संग्राहक परवाना काढला. तीन वर्षांना तीस डॉलर, आणि पन्नास वर्षांपेक्षा जुनं पिस्तूल थेट घरी मागवता येतं. ज्यांना फक्त जुनं गोळा करायचंय त्यांनी पहिलं काम हेच करावं.

वाल्थर पीपीके. १९३१चं डिझाइन, थुरिंगियातल्या झेला-मेलिसचं. माझं युद्धकाळातलं, .३२चं, सात गोळ्यांचं. खिशात मावणाऱ्या पिस्तुलाला पहिल्या बाराला लांब, जड आणि नंतर हलका चाप देणं त्या काळात मोठी गोष्ट होती. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मुळाशी, गोळी असली की मागच्या घोड्याच्या वर एक बारीक पिन बाहेर येते. अंधारात अंगठ्याला लागते, बघावं लागत नाही. साफ करताना चापाचं कडं खाली ओढायचं, स्लाइड मागे नेऊन उचलायची, झालं. हे मी दहा लोकांना दाखवलं असेल, दहाही हसले.

आता खोट. हे पिस्तूल चावतं. माझा पंजा मोठा, मूठ अपुरी, त्यामुळे मागे येणारी स्लाइड अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यातून दोन समांतर रेघा ओढत जाते, खिळ्यानं ओरखडल्यासारख्या. रेंजवर भाड्यानं मिळणारं आताचं .३८०चं पीपीके चालवून पाहिलं. मागचं शेपूट लांब केलंय, चावत नाही, पण धक्का हाडात बसतो. नळी जागेवरच घट्ट, बार होताना स्लाइडला अडकवून ठेवणारं लॉकिंग नाही, सगळा भार स्प्रिंग आणि स्लाइडच्या वजनावर, तो शेवटी येतो मनगटात. शिवाय १९७४ साली लंडनमध्ये राजकन्या ॲनवर हल्ला झाला तेव्हा तिच्या अंगरक्षकाचं पीपीके ऐन वेळी अडकलं होतं. एका घटनेवरून पिस्तूल नापास करू नये हे कबूल, पण कमरेला लावताना आठवतंच.

‘मूळ जर्मन’ पीपीके इथं महाग का, तर १९६८चा अमेरिकन बंदूक कायदा. आयात पिस्तुलाची उंची किमान चार इंच हवी आणि पीपीके जेमतेम एक दशांशानं कमी पडलं. वाल्थरनं मग पीपी या पीपीकेच्या थोरल्या भावाची चौकट आणि पीपीकेची स्लाइड जोडून पीपीके/एस काढलं. तेव्हा दुकानात नवं कोरं पीपीके दिसलं तर ते अमेरिकेत बनलेलं समजा. चांगलं असू शकतं, पण संग्रहाच्या हिशेबात वेगळी वस्तू.

माऊझर एचएससी. दिसायला मला चौघांत हेच देखणं. पुढचा भाग माशाच्या तोंडासारखा निमुळता, घोडा जवळजवळ लपलेला. शेवटची गोळी सुटली की स्लाइड उघडी राहते आणि नवं मॅगझिन सारलं की आपसूक खटकन मिटते. पहिल्यांदा दचकायला होतं. मॅगझिनचा खटका मुठीच्या बुडाशी, त्यामुळे बदलायला दोन्ही हात हवेत. बाळगायचा विचार तिथंच संपला.

याच्यात मी फसलो. गन शोमध्ये एका टेबलावर ‘ओरिजिनल ब्लू’, म्हणजे कारखान्यातलाच मूळ निळा-काळा मुलामा, म्हणून घेतलं, साडेसहाशे डॉलर मोजून. घरी भिंगाखाली धरलं तर अक्षरांच्या कडा विरघळलेल्या, भोकांचे काठ बशीसारखे खोलगट. बफवर घासून पुन्हा काळं केलेलं. मी मशीन शॉपमध्ये आयुष्य घालवलेला माणूस; बफ मारलेला पृष्ठभाग ट्यूबलाइटखाली मला ओळखता येऊ नये? पण समोर स्वप्नातली वस्तू असली की डोळ्यांवर झापड येते. पुढच्यांनी टॉर्च न्यावा, नावाच्या अक्षरांवर तिरपा मारावा. सावली कडक पडली पाहिजे.

(झाउअर ३८एच मित्राकडे आहे. मुठीजवळच्या एकाच खटक्यानं आतला घोडा चढवताही येतो, उतरवताही येतो, तेही १९३८ साली. काम अप्रतिम. तो विकत नाही, विषय संपला.)

एचके पी७. एचएससीच्या डिझाइनमागे ॲलेक्स झायडेल हे नाव आहे. युद्धानंतर फ्रेंचांनी ओबर्नडॉर्फचा माऊझर कारखाना मोडला आणि १९४९ साली त्याच गावात झायडेलनं हेक्लर आणि कॉख यांच्यासोबत नवा संसार मांडला, तीच एचके. म्हणजे माझ्या सेफमध्ये नेकार नदीकाठच्या एकाच गावच्या पिढ्या शेजारी शेजारी झोपतात.

म्युनिक ऑलिम्पिकमधल्या १९७२च्या हल्ल्यानंतर पश्चिम जर्मन पोलिसांना पटकन काढून चालवता येईल, वेगळा सेफ्टी खटका शोधावा लागणार नाही असं पिस्तूल हवं होतं. त्यातून वाल्थरचं पी५, झिग झाउअरचं पी६ आणि हे पी७ आलं. मुठीची पुढची बाजू म्हणजेच एक लांब दांडा. सातेक किलोचा जोर लावून मूठ आवळली की पिस्तूल तयार, नंतर धरून ठेवायला फारसा जोर लागत नाही. सोडली की ‘कट्’ असा आवाज करत थंड. हातातून पडलं तर पडता पडताच निर्धोक. नळी हलत नाही, हातावर अगदी खाली बसते, आणि गोळीमागचा थोडा गॅस नळीखालच्या सिलिंडरमध्ये शिरून स्लाइडला क्षणभर धरून ठेवतो. त्यामुळे ९ मिमी असूनही धक्का त्या .३८० पीपीकेपेक्षा मऊ. टेक्सासच्या पिस्तूल बाळगायच्या परवान्याच्या परीक्षेत पन्नास गोळ्या, २५० गुण, पास व्हायला १७५. मी यानं २४६ केले, आणि मी काही मोठा नेमबाज नाही.

पण तोच सिलिंडर चापाच्या डोक्यावर. सत्तर-ऐंशी गोळ्या सलग झाडा आणि बोट वर टेकवा, तव्याची आठवण येईल. पुढच्या पी७एम८मध्ये त्यासाठी उष्णतारोधक तुकडा बसवलाय आणि मॅगझिनचा खटकाही चापाजवळ आलाय. माझं पोलिसांकडून निघालेलं जुनं पीएसपी, म्हणजे पी७चाच पहिला अवतार, त्यात दोन्ही नाही. उघड्या शिशाच्या गोळ्या यात घालू नका, गॅसचं भोक बुजतं. वयासाठी पिस्तुलावरचा दोन अक्षरांचा सालाचा कोड वाचा: ए म्हणजे ०, बी १, असं के म्हणजे ९ पर्यंत, जे वगळून. माझ्यावर आयसी, म्हणजे ८२. शेजारी हरणाचं शिंग दिसलं तर चाचणी उल्म शहरातल्या चाचणीगृहाची. उत्पादन २००८ साली थांबलं, भाव चढतच आहेत. मी ११०० डॉलरला घेतलं तेव्हा बायको म्हणाली, “अरे, एवढ्यात आपलं डिशवॉशर आलं असतं.” आज त्याच पैशात मिळणार नाही, आणि डिशवॉशर दरम्यान दोन झाले.

एचके पी३०एसके. कमरेला हे असतं. दहा गोळ्या, ८३ मिलिमीटरची नळी, प्लास्टिकची चौकट, मुठीच्या बाजू आणि पाठ बदलता येतात. पी७पेक्षा वजन थोडंच कमी आणि जाडीला तर जास्तच. पी७ पोटाशी बसतं छान, खोटं का बोला. पण हे घामाला दाद देत नाही, ओरखडा पडला तर जीव जात नाही, होल्स्टर इथं कुठल्याही दुकानात मिळतं. प्रेशर कुकरसारखं आहे, कुणी शोकेसमध्ये ठेवत नाही. चाप पहिल्या बाराला लांब, त्याची सवय करायला मला हजारेक गोळ्या लागल्या.

सप्टेंबर २०२१पासून टेक्सासात परवान्याशिवायही बाळगता येतं, तरी मी परवाना ठेवलाय, शेजारच्या राज्यांत उपयोगी पडतो. दारावर ३०.०६ची, म्हणजे परवानाधारकालाही लपवलेलं पिस्तूल आणायला मनाई करणारी, पाटी असली की आत न्यायचं नाही. मंडळाचा गणपती शाळेच्या हॉलमध्ये बसतो, तिथं तर प्रश्नच नाही. त्या दहा दिवसांत पिस्तूल घरी सेफमध्ये, आबांच्या निवडणुकीसारखं जमा.

खंडेनवमीला मात्र बाहेर काढतो. रिकामी करून, दोनदा तपासून, पाटावर पान्ह्यांच्या आणि व्हर्नियरच्या शेजारी. पी३०एसके, पी७, आणि तो रंगवलेला एचएससीसुद्धा. पीपीके नाही. ते पोलिसांना दिलेलं होतं, डाव्या अंगाला गरुड आणि त्याच्या पायाखाली नाझींचं स्वस्तिक आहे. उंबऱ्यावर आई कुंकवानं काढायची तसलं नव्हे ते. मुलीनं पहिल्या वर्षी विचारलं, “बाबा, एक का नाही ठेवलं?” तिला सांगायला पाऊण तास लागला, तोवर नैवेद्याचा शिरा गार झाला.