रत्नागिरीची कृष्णविवर कार्यशाळा: आकडेमोड झकास, गुरुत्वाचा भाग कच्चा

एमएस्सीच्या मुलांसाठी रत्नागिरीतल्या एका कॉलेजात होणारी ही तीन दिवसांची कार्यशाळा. आकडेमोडीच्या भागात पैसे वसूल होतात, पण पत्रकातल्या ‘सुधारित गुरुत्वा’पैकी (म्हणजे आइन्स्टाइनच्या गुरुत्व सिद्धांतात बदल करून केलेल्या मांडण्या) हाती फारसं काही लागत नाही.

मुख्य काम म्हणजे हाशिमोतो, किनोशिता आणि मुराता यांची कृष्णविवराचं चित्र काढण्याची पद्धत लॅपटॉपवर चालवणं. मालदासेना यांच्या १९९७च्या मांडणीनुसार अँटी-डी सिटर अवकाशातलं (म्हणजे ऋण वक्रतेच्या, कडेला सीमा असलेल्या अवकाशातलं) कृष्णविवर हे सीमेवरच्या तापलेल्या क्वांटम द्रव्याचंच दुसरं वर्णन. गोलाकार सीमेच्या दक्षिण ध्रुवावर लहान लहरस्रोत ठेवायचा, उत्तर ध्रुवाजवळचा प्रतिसाद घ्यायचा आणि तो भिंगाच्या सूत्रातून काढायचा. आइन्स्टाइनचं कडं, म्हणजे कृष्णविवराभोवती लहरी वाकून बनणारं तेजस्वी वर्तुळ, दिसतं. क्षितिजापाशी (जिथून काहीच परत येत नाही ती कृष्णविवराची कड) लहरी आत शिरतानाच्या एडिंग्टन-फिंकेलस्टाइन निर्देशांकांत गणित मांडायचं, नाहीतर तिथली आंदोलनं संपतच नाहीत. हे फार नीट शिकवलंय.

आकडे असे: क्षितिजाची त्रिज्या ०.६, लहरीची वारंवारता ओमेगा ८०, स्रोताची रुंदी सिग्मा ०.०५. प्रतिसाद म्हणजे गोलावरच्या वेगवेगळ्या लहरींची बेरीज, आणि एल हा त्या लहरींचा क्रमांक: एल जितका मोठा तितकी लहर बारीक. यात कडं एल ७२च्या आसपासच्या लहरींतून बनतं. वेळ वाचवायला बेरीज एल ४०वरच थांबवली, तर कडं येणारच नाही, ११०पर्यंत जा. सिग्मा ०.१ केला तर त्याच लहरी स्रोतातच दहा अब्जांत एक भागाहूनही क्षीण होतात आणि पडद्यावर नुसता गोंगाट उरतो. बऱ्याच मुलांचं इथेच अडतं आणि दोष बिचाऱ्या भिंगाच्या सूत्राला!

आता सुधारित गुरुत्व. उदाहरण घेतलंय स्थिर वक्रतेच्या, विद्युतभाररहित एफ-आर कृष्णविवराचं (एफ-आर म्हणजे गुरुत्वाच्या सूत्रात वक्रता आरच्या जागी तिचं एक फलन एफ घेणं). प्रभावी वैश्विक स्थिरांक (रिकाम्या अवकाशाची वक्रता ठरवणारा आकडा) तोच ठेवला की इथे भूमिती तीच, तापमान तेच. फक्त एन्ट्रॉपीला एफच्या अवकलजाने गुणायचं. मग कडं हलणार कसं? गाउस-बॉनेट पदही (गुरुत्वाच्या सूत्रात जोडायचं वक्रतेच्या वर्गांचं पद) चार मितींत समीकरणांत उतरत नाही, त्यासाठी पाच मिती हव्यात. तिथे सीमेवरच्या द्रव्याची श्यानता (चिकटपणा) आणि एन्ट्रॉपीची घनता यांचं गुणोत्तर १/४π वरून (१ − ४λ)/४π होतं (λ म्हणजे त्या पदाचा जोर), आणि कार्यकारणभाव टिकवायचा तर λ ०.०९च्या वर नेता येत नाही. मुलांना दाखवायला हेच उदाहरण हवं होतं. शिवाय तुलना समान क्षितिजावर की समान तापमानावर, हे आलेखांवर लिहिलेलं नाही. त्यावाचून दोन सिद्धांतांची वक्रं शेजारी ठेवण्यात काही राम नाही.

जेवण उत्तम, सोलकढी हवी तेवढी. पावसाळ्यातल्या बॅचला लाईट जाते, म्हणून लॅपटॉपची बॅटरी दमदार हवी. सावंतवाडीकडून ट्रेनने येणाऱ्यांनी स्टेशन शहराबाहेर आहे हे धरून निघावं.