नऊ महिने, चार लग्नं, सहा जॅकेटं: वापरानंतरचा अनुभव

"करवलीचं समजू शकते, पण नवरदेवाच्या दोस्तांनी कायले नटाव बे?" मावशीच्या या प्रश्नाला माझ्याकडे तेव्हाही उत्तर नव्हतं, आजही नाही. आम्ही सहा जण शाळेपासूनचे. त्यातला एक आधीच उजवला होता, माझं अजून ठरायचं होतं आणि उरलेल्या चौघांची लग्नं एकाच हंगामात निघाली. दर लग्नाला नवे कपडे शिवायची ऐपत कुणाचीच नव्हती. म्हणून गेल्या ऑक्टोबरात एकदाच सहा जोड शिवले: मोतिया रंगाचा कॉटन-सिल्कचा कुर्ता आणि त्यावर नेव्ही ब्लू बिनबाह्यांचं जॅकेट. पायजमा आणि मोजडी ज्याची त्याची.

कापड नागपूरच्या गांधीबाग बाजारातून घेतलं. जॅकेटांना कॉटन-लिनन दहा मीटर, ५२० रुपयांनी. कुर्त्यांना अठरा मीटर, ३४० नी. शिलाई जॅकेटची १,२०० आणि कुर्त्याची ६००. सगळं मिळून २२,१२० रुपये, म्हणजे माणशी ३,७०० च्या आतच. तयार जोड याहून स्वस्तात मिळत होते, पण त्यांचं कापड जॅकार्डचं, पॉलिस्टरवालं. नागपुरात मे महिन्यात ते अंगावर चढवून बघा, मग बोलू.

आधी डोक्यात कोसा, म्हणजे टसर रेशीम होतं. भंडारा शेजारी, मोहाडी-आंधळगावचं विणकाम सगळ्यांना माहीत, आपल्याकडचं कापड म्हणून अभिमानही होता. दुकानदाराने चार थानं उलगडली. कोशाचा मूळ रंग मधासारखा, पण थानागणिक वेगळा. कुठे पिवळसर, कुठे चक्क चहासारखा. ऐन-अर्जुनाच्या पानांवर जंगलात वाढलेल्या किड्याचं सूत ते, कारखान्यातल्यासारखं एकसारखं येणार कसं? एकट्याने घालायला त्याच्यासारखं कापड नाही. पण पाच जण ओळीत उभे राहिले की उरल्यासुरल्या तुकड्यांतून शिवल्यासारखं दिसलं असतं. भाव ऐकल्यावर तर विचार करायचीही गरज उरली नाही. पहिल्या नवरदेवाने मात्र स्वतःसाठी कोशाचा कुर्ता घेतला. त्याला तो एकट्याला शोभलाही.

थानाचाच खेळ निळ्या कापडात झाला. दुकानदाराने एका थानातून सात मीटर मोजले आणि उरलेले तीन मीटर दुसऱ्यातून काढायला लागला. "सेम माल आहे भाऊ, नंबर पाहून घ्या." ट्यूबलाइटखाली खरंच सेम होता. आमच्यातल्या एकाने दोन्ही टोकं हातात धरून रस्त्यावर उन्हात नेली. दुसरं टोक तिथे सरळ जांभळट मारत होतं. मग तिसरं थान उघडायला लावलं आणि दहाच्या दहा मीटर त्यातूनच घेतले. दुकानदाराचं तोंड वाकडं झालं. पण या अख्ख्या प्रकारात आम्ही केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम तेच. रंग कोणता घ्यावा यावर आठ दिवस भांडलो होतो आणि फोटो वाचवले ते या पाच मिनिटांनी.

पहिलं लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेचच, महाल भागातल्या एका मंगल कार्यालयात, सकाळच्या मुहूर्ताचं. फेटेवाला मरून फेटे घेऊन आला होता. मोतिया कुर्ता, निळं जॅकेट, मरून फेटा हा मेळ फोटोत सुरेख दिसतो. पण फेटा आठला बांधला आणि मुहूर्त साडेअकराचा. दहापासूनच कपाळात ठणका सुरू झाला. फेटा शेवटच्या अर्ध्या तासातच बांधून घ्या, फेटेवाला कितीही घाई करू दे. कुर्त्याची उंची गुडघ्याखाली चार बोटं ठेवली होती, ती मंगलाष्टकांना उभं राहायला ठीक, पण पंगतीत मांडी घालताना पायात यायची. पुढे सगळ्यांनी दोन इंच वर घेतली. आणि हो, कापड पाण्यातून काढून मगच शिवायला द्या. आमच्यातल्या दोघांनी आळस केला, त्यांच्या बाह्या पहिल्या धुण्यातच मनगटाच्या वर गेल्या.

जानेवारीत सदर भागातल्या चर्चमधलं लग्न. इथे आमच्या जॅकेटांनी हात टेकले, म्हणजे आम्हीच ती घातली नाहीत. खरं तर नवरदेवाच्या मित्रांना खरं काम असतं ते इथेच. बेस्ट मॅन अंगठ्या सांभाळतो, बाकीचे नवरदेवाच्या बाजूला रांगेत उभे राहतात आणि १८७२ च्या ख्रिश्चन विवाह कायद्याप्रमाणे किमान दोन साक्षीदार लागतात, ते यांच्यातलेच. नवरदेवाच्या घरच्यांनी टाय आणि सूट असं आधीच सांगितलं होतं. बंद गळ्याच्या जॅकेटात टाय बसवणार कुठे? दीड हजार रुपये रोजाने काळे सूट भाड्याने आणले. पाच काळे सूट, पाच वेगळे काळे. एकाचा तर उन्हात हिरवट दिसायचा. माझ्या कोटाच्या आतल्या खिशात पिवळ्या अक्षता निघाल्या, आधीच्या कुणाच्या तरी लग्नातल्या. प्रार्थना चालू असताना हात खिशात गेला की बोटांना तांदूळ लागायचे आणि मला हसू आवरेना. टाय मात्र सगळ्यांनी नव्या घेतल्या होत्या, एकाच वाइन रंगाच्या, आणि त्यामुळे काळ्यांचे पाच प्रकार बऱ्यापैकी झाकले गेले. चर्चचं लग्न असेल तर कुर्त्यावर भागवायचा हट्ट सोडा, आणि सूट भाड्याचा घेणार असाल तर काळ्याऐवजी करडा बघा. करड्यातला फरक मला तरी काळ्याइतका खटकत नाही.

मार्चमधलं लग्न बौद्ध पद्धतीचं. विधी आटोपशीर असतो, त्रिशरण-पंचशील, प्रतिज्ञा, हार. नवरा-नवरी पांढऱ्या शुभ्र कपड्यांत. आम्हाला वाटलं, आपला मोतिया म्हणजे पांढराच की. मित्राच्या आजीने माझ्या कुर्त्याची बाही चिमटीत धरली आणि म्हणाली, "हे पांढरं नाही बाप्पा, ही दुधावरची साय आहे." चौदा ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर ती सहा वर्षांची होती, आईचा पदर धरून गेलेली. तिच्या आठवणीत त्या दिवसाचा एकच रंग आहे. नवरदेवाच्या शेजारी उभे राहिल्यावर आमचे कुर्ते खरंच कळकट दिसले, जणू जुने झालेत. निळ्या जॅकेटांनी मात्र मान राखला. घातली त्या तिन्ही लग्नांत जॅकेटं सगळ्यात शोभली ती इथेच. पुन्हा वेळ आली तर आत पांढरा कॉटनचा साधा कुर्ता घालेन, तीनशे-चारशेचं काम.

आता मे. काटोल रोडवरचं लॉन, संध्याकाळचं लग्न, दिवसा पारा ४५ च्या पुढे गेलेला. संध्याकाळी सातलाही खालच्या गवतातून वाफ येत होती. मोठमोठे कूलर लावले होते, पण त्यांची गार हवा मिळायची फक्त समोरच्या पहिल्या रांगेला, आणि तिथे सगळे काका बसलेले. वरातीत नाचून आलो. त्यात वाढपी पोरांचाही वेश पांढरा शर्ट आणि निळं जॅकेट निघाला. आमच्यातल्या जाड्याला एका आजोबांनी वाटी पुढे करून "पाटवडीचा रस्सा घाल बा थोडा" म्हटलं. त्यानेही बिचाऱ्याने घातला.

खरा घोळ घरी आल्यावर कळला. जॅकेट काढलं तर कुर्त्याच्या दोन्ही काखांत तळहाताएवढे निळे डाग. बाहेरचं कापड पक्क्या रंगाचं होतं, रंग सोडला तो आतल्या अस्तराने. सहापैकी चार कुर्त्यांचं हेच झालं. नोव्हेंबर आणि मार्चमध्ये घाम कमी होता म्हणून वाचलो होतो. टेलरकडे गेलो. त्याने कुर्ता उजेडात धरला, डागावर अंगठा घासला आणि शांतपणे म्हणाला, "पहिल्या घामात सोडते थोडा, मंग नाही सोडत." आता 'मंग'चं काय करू? अस्तर कसलं लावणार हे आम्ही विचारलं नव्हतं आणि त्याने सांगितलं नव्हतं. शिलाईतच अस्तर धरलेलं, म्हणजे तो स्वस्तातलं लावणार हे आम्हाला कळायला हवं होतं, हेही खरं. शेवटी दुसऱ्या कारागिराकडून जुनं अस्तर उसवून फक्त खांद्यापाठीला मऊ पांढरं सुती अस्तर लावून घेतलं, जॅकेटमागे ३५०. कुर्त्यांचे डाग ड्रायक्लीनवाल्याने पुसट केले, पण गेले नाहीत. वर जॅकेट घातलं की दिसत नाहीत, एवढंच समाधान. अस्तराचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या रुमालात गुंडाळून रात्रभर ठेवा, सकाळी रुमाल सगळं सांगतो.

बाकी टिकण्याचं म्हणाल तर शिवण कुठे उसवली नाही. काजं नीट आहेत. लाकडी बटणं होती, त्यातली तीन ड्रायक्लीनमध्ये तडकली. आता साधी शिंगासारखी दिसणारी प्लास्टिकची लावली. लिनन चुरगळतं, कार्यालयापर्यंत गाडीत बसून गेलात की पाठीवर नकाशा उमटलेलाच, पण मला तो खटकत नाही. पावसाळ्यात एकदा कपाटात बुरशीचा वास आला म्हणून मी माझं जॅकेट गच्चीवर दोन दिवस वाळत घातलं. नागपूरच्या उन्हाने खांद्यावरचा रंग उतरवला. सावलीत घालायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र टेलरने न सांगता चांगली केली होती. कुशीत एक-एक इंच माया, म्हणजे आत दुमडलेलं जास्तीचं कापड, ठेवली होती. चार लग्नांचं जेवण अंगी लागल्यावर जाड्याला ती लागलीच. गेल्या आठवड्यात त्याने जॅकेट सोडून घेतलं. आता त्याच्या दोन्ही कुशींत बोटभर रुंद, ऑक्टोबरातल्या निळ्याचा गडद पट्टा दिसतो, बाकी जॅकेट नऊ महिने जुनं. माझं डिसेंबरात ठरलंय. फोटोत त्याने हात खाली सोडून उभं राहायचं, असं त्याला आत्ताच सांगून ठेवलंय.