पोर्ट फिनिशिंग – 850 रुपये

पावतीवर तिसऱ्या ओळीत निळ्या पेनाने लिहिलंय: 'पोर्ट फिनिशिंग – 850'. पोर्ट म्हणजे टूस्ट्रोक इंजिनाच्या सिलिंडरच्या भिंतीतली, वायू आत-बाहेर जायची भोकं; फिनिशिंग म्हणजे त्यांच्या धारदार कडा घासून गोल करणं, म्हणजेच कडा मोडणं. हे काम झालंच नव्हतं. माझ्या बोटाला ते त्याच दिवशी कळलं होतं, मला कळायला 212 किलोमीटर जावे लागले.

गाडी यामाहाची टूस्ट्रोक मोटरसायकल आरएक्स 100, 1994 ची, वडिलांची. थंड असताना पिस्टन खडखडायचा, ओढ गेली होती. मिस्त्री म्हणाला बोअर 0.50 वर घ्यावा लागेल, म्हणजे सिलिंडर आतून मूळ मापापेक्षा अर्धा मिलिमीटर मोठा करायचा. ते खरंच होतं, त्यात खोट नाही. मी काही अगदीच अडाणी गिऱ्हाईक नव्हतो. मीच विचारलं, "बोअर झाल्यावर पोर्टच्या कडा मोडणार ना?" तो हसला. "साहेबांना माहिती आहे सगळं. करतो की." माझ्या शहाणपणाने त्याला बिलात आणखी एक ओळ मिळवून दिली, दुसरं काही नाही.

हिशोब असा: पिस्टन किट 2350, बोअरिंग-होनिंग 600, पोर्ट फिनिशिंग 850, गॅस्केट आणि सील 480, मजुरी 1500. एकूण 5780. त्यातले 3000 आधीच दिले होते. कच्ची चिठ्ठी, वर दुकानाचं नाव नाही, खाली सही नाही. ओरिजिनलच्या डब्यात नकली मालही निघतो, पण इथे किट चांगलं होतं. म्हणूनच मी निर्धास्त राहिलो.

आता तो क्षण. सिलिंडर लेथवरून आला, बाकड्यावर ठेवला. मी कॉटन वेस्टने आतून पुसायला घेतला आणि एक्झॉस्ट पोर्टच्या (धूर बाहेर जायच्या भोकाच्या) वरच्या कडेला धागे अडकले. चार-पाच पांढरे धागे, कडेला लोंबत राहिलेले. मी बोट फिरवलं. पेराला बारीक चीर पडली, रक्ताचा ठिपका आला. मिस्त्री म्हणाला, "नवी धार आहे साहेब, रिंग बसली की आपोआप जाते." आणि मी मान डोलावली! दुकानात आणखी दोघंतिघं उभे होते, एवढ्या जुन्या मिस्त्रीला सगळ्यांदेखत खोटं कसं पाडायचं, असं वाटलं. बोट तोंडात धरून गप्प उभा राहिलो. आजही तो ठिपका आठवला की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

धार 'आपोआप' जात नाही, रिंग जाते. पिस्टनभोवतीच्या खाचेतली ही रिंग स्प्रिंगसारखी सतत बाहेर फाकायला बघते. पोर्टसमोर आली की तिला टेकायला भिंत नसते, ती किंचित पोर्टमध्ये फुगते आणि पुढच्या कडेवर तिला परत आत ढकलावं लागतं. कड गोल असेल तर सरकते, धारदार असेल तर आपटते. 6000 आरपीएमला सेकंदाला 100 फेरे, म्हणजे रिंग पोर्टवरून सेकंदाला 200 वेळा जाते. फोरस्ट्रोकवाल्यांना ही भानगडच नाही, त्यांच्या सिलिंडरच्या भिंतीला अशी भोकं नसतात.

212 व्या किलोमीटरला चढावर टिकटिक सुरू झाली आणि गाडी बसली. टेम्पोचे 400. घरी सायलेन्सरचे दोन नट काढून पोर्टमधून टॉर्च मारला. (हेड न खोलता एवढं दिसतं, आधी हेच करा.) एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे, वरच्या रिंगचा तुकडा गायब, पिस्टनच्या डोक्यावर टोचे.

मिस्त्रीला बोलावलं. म्हणे, "ऑइल कमी पडलं." ऑइल कमी पडलं असतं तर पिस्टनचं अ‍ॅल्युमिनियम भिंतीला फासलं गेलं असतं, इथे पिस्टनचा खालचा भाग स्वच्छ. मग म्हणे, "रिंग फिरली असेल." रिंगची तोंडं पोर्टसमोर येऊ नयेत म्हणून खाचेत पिन असते, ती जागच्या जागी शाबूत. मग म्हणे, "तुम्ही रनिंग नीट केलं नाही," म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला हळू चालवलं नाही. त्यानंतर फोनच उचलेना.

पोलीस ठाण्यात गेलो. समोरच्या साहेबांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "रिंग म्हणजे अंगठी? किती ग्रॅमची?" समजावून सांगितल्यावर, "हे दिवाणी आहे, इथे येत नाही." ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात गेलो. 2019 चा कायदा, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत 2 वर्षं, सगळं वाचून गेलो होतो. टेबलावरच्या बाईंनी चिठ्ठी उलटसुलट करून पाहिली. "यावर दुकानाचं नाव कुठाय?" नाही. "मग तक्रार कुणाविरुद्ध?" दुकान चार गल्ल्यांवर आहे, चला दाखवतो! "आणि काम झालं नाही हे तज्ज्ञाने लिहून द्यायला हवं." तज्ज्ञ म्हणजे दुसरा मिस्त्री. तीन मिस्त्र्यांकडे गेलो. तिघांनीही सिलिंडर बघून 'च्च' केलं आणि तिघांनीही लेखी द्यायला नकार दिला. एक म्हणाला, "दादा, उद्या मलाही त्याच लेथवर जायचंय." चार दिवस रजा टाकली, शुल्क मात्र खरंच लागलं नाही!

ओरखडा इतका खोल की 0.75 ने भागलं नाही. सिलिंडर थेट 1.00 वर गेला, म्हणजे 51 मिलिमीटर, शेवटचं माप. वडिलांनी इतकी वर्षं सांभाळलेल्या सिलिंडरचे दोन बोअर मी दोन महिन्यांत संपवले. या दुसऱ्या कामाचे 4930 गेले. आतापर्यंत 11110.

यावेळी मी समोर बसून राहिलो. बारीक अर्धगोल कानस, मग ऑइल स्टोन, साधारण अर्धा मिलिमीटर, सगळ्या पोर्टना, वरच्या-खालच्या कडांना जास्त. ग्राइंडर हातात घेतला तर थांबवा. एक्झॉस्टची वरची कड वर सरकली की पोर्ट लवकर उघडतो आणि कमी आरपीएमची ओढ जाते. कडा मोडल्यावर होनचा (सिलिंडर आतून घासायच्या हत्याराचा) हलका हात, मग गरम पाणी आणि साबण, पांढरं फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. जुना नायलॉनचा मोजा बोअरमधून फिरवा, एक धागा अडकला तरी पैसे देऊ नका. पिस्टन चढण्याआधी कडांचा फोटो काढा. पावतीवर दुकानाचं नाव मागायला लाजू नका, मी लाजलो.

गेल्या आठवड्यात मिस्त्रीचा फोन आला, स्वतःहून. कुणीतरी त्याला सांगितलं असणार मी कुठे कुठे फिरलो ते. म्हणाला, "साहेब, वाद कशाला? आणा सिलिंडर, पोर्ट मारून देतो. 850 च घेईन."